कोजागरीला चंद्रावरची विवरं का दिसली नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका वाचकांनी सहावीतल्या लेकीसाठी ७० मिमी व्यासाची, ७०० मिमी फोकल लांबीची दुर्बीण घेतली. कोजागरीला सगळी बिल्डिंग टेरेसवर जमली, मसाला दूध झालं, पण दुर्बिणीतून चंद्र म्हणजे नुसता पांढरा झगझगाट. एकही विवर धड दिसेना. सोबत आलेला ४ मिमीचा आयपीस (डोळ्याकडचं भिंग) आणि तिप्पट बार्लो (आयपीसचं वर्धन तिप्पट करणारं जोडभिंग) लावल्यावर तर चित्र पारच गढूळ झालं. दुर्बीण खराब निघाली का, की मसाई पठारावर अंधारात नेऊन बघावी, की सरळ मोठी घ्यावी, असं ते विचारतात. लेकीचा प्रश्न वेगळा आहे: चांद्रयान-३ उतरलं ती जागा यातून दिसेल का?

दुर्बिणीला काही झालेलं नाही. विवरं बघायला अख्ख्या महिन्यातली सगळ्यात वाईट रात्र तुमच्या वाट्याला आली, एवढंच. यात तुमचा दोष नाही. आपल्याकडं चंद्र बघायचा म्हटलं की कोजागरीच आठवते. पण पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीकडून चंद्राच्या तोंडावर थेट प्रकाश टाकतो, आणि प्रत्येक डोंगराची सावली त्या डोंगराच्याच मागं दडून जाते. सावली गेली की उंची आणि खोली दोन्ही गेल्या. त्यात उजेड एवढा, की पौर्णिमेचा चंद्र अष्टमीच्या अर्ध्या चंद्रापेक्षा दुप्पट नव्हे, दहापटीच्या आसपास तेजस्वी असतो.

एप्रिलच्या भर दुपारी जोतिबाच्या डोंगरावरून खालची रानं बघा. सगळं सपाट, एका रंगाचं दिसतं. तीच रानं संध्याकाळी सूर्य कलल्यावर बघा, उसासाठी सोडलेली सरी न् सरी, बांध, ओढ्याची घळ, सगळं वेगळं उठून दिसतं. चंद्रावरही हेच घडतं, आणि तिथं तर हवा नसल्यानं सावल्या काळ्याकुट्ट, धारदार पडतात. म्हणून अख्खा चंद्र बघायचा नाही. उजेड आणि अंधार जिथं मिळतात त्या रेषेवर, जिला आम्ही टर्मिनेटर म्हणतो, तिथंच दुर्बीण लावायची. शुक्ल पक्षात त्या रेषेवर चंद्रावरची सकाळ चाललेली असते, कृष्ण पक्षात संध्याकाळ.

हिशेबच करून बघा. सूर्य क्षितिजावर जेमतेम १ अंश असताना १०० मीटर उंचीच्या टेकाडाची सावली ५.७ किमी लांब पडते. चंद्राच्या सरासरी ३,८४,४०० किमी अंतरावर १ विकला (अंशाचा ३,६००वा भाग) कोनात सुमारे १.९ किमी मावतात. तुमचं ७० मिमीचं भिंग चांगल्या हवेत १.७ विकलांच्या आसपासचा तपशील वेगळा करू शकतं, म्हणजे साधारण ३ किमी. १०० मीटरचं टेकाड त्यातून कधीच दिसणार नाही, पण त्याची सावली दिसेल.

आता कुठल्या रात्री काय बघायचं. परदेशी पुस्तकांत ‘चंद्राचं वय ५.३ दिवस’ अशी भाषा असते. तुमच्या घरात भिंतीवर त्याहून सोयीचं साधन टांगलेलं आहे: पंचांगाची दिनदर्शिका. तिथी म्हणजे दुसरं काही नसून सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या कोनाचा १२ अंशांचा एकेक टप्पा. टर्मिनेटरची जागाही याच कोनावर ठरते. त्यामुळं प्रत्येक तिथीला ती रेषा चंद्राच्या पृष्ठावर १२ अंश पुढं सरकते आणि प्रत्येक विवराला स्वतःची अशी तिथी मिळते. शिवाय जिथं शुक्ल षष्ठीला सूर्य उगवतो तिथंच कृष्ण षष्ठीला तो मावळतो. म्हणजे एकच आकडा दोन्ही पक्षांत चालतो, एकदा सकाळच्या सावल्या आणि एकदा संध्याकाळच्या.

दोन गोष्टी सांभाळा. दिनदर्शिकेत छापलेली तिथी सूर्योदयाची असते. रात्री आठला पुढची लागलेली असू शकते, म्हणून तिथी किती वाजेपर्यंत आहे ते बघा. दुसरं, चंद्र आपल्याकडं तोंड करून असला तरी थोडा डोलत असतो (याच डोलण्यामुळं आपल्याला एकूण त्याचा ५९ टक्के पृष्ठभाग बघायला मिळतो), त्यामुळं अर्ध्या-पाऊण तिथीचा फरक पडतो. आज नाही दिसलं तर उद्या बघायचं.

मी सुरुवात करणाऱ्याला नेहमी शुक्ल षष्ठी सुचवतो. अष्टमीचं कौतुक सगळीकडं असतं, पण षष्ठीला बघण्यासारखं थोडं आणि ठळक असतं. नवख्याचा डोळा भांबावत नाही. त्या रात्री टर्मिनेटरजवळ एकाला एक लागून तीन मोठी विवरं दिसतात: थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना. थिओफिलस सुमारे १०० किमी रुंद आहे. त्याचा काठ ताजा, धारदार; भिंती पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरलेल्या; मधोमध डोंगरांचा पुंजका. शेजारच्या सिरिलसचा काठ त्यानं सरळ खाऊन टाकलाय, म्हणजे थिओफिलस नंतरचा. सिरिलस झिजलेला, आणि कॅथरिना त्याहून मोडकळीला आलेली. तिघांपैकी कोण आधीचं आणि कोण नंतरचं हे लेकीला सांगू नका, तिलाच ओळखू द्या. चंद्राचा इतिहास लावायला शास्त्रज्ञांनीही सुरुवात याच पद्धतीनं केली: कोण कोणावर चढलंय ते बघायचं.

थिओफिलसवर नेमकी पहाट होत असताना सापडला तर तास-दीड तास तिथून हलू नका. आधी सगळं विवर काळं असतं, फक्त काठाचं एक कडं उजळलेलं. मग त्या काळ्या भागाच्या मधोमध एक ठिपका पेटतो. तो मधल्या डोंगराचा माथा. तळाला अजून रात्रच असते. टर्मिनेटर चंद्राच्या विषुववृत्तावर ताशी सुमारे १५ किमी सरकतो, त्यामुळं अर्ध्या-पाऊण तासानं पुन्हा डोळा लावलात तर फरक कळतो. ठिपक्याचे दोन झालेले असतात, काठाची सावली आखडलेली असते. चंद्र म्हणजे एकदा बघून झालेलं चित्र असं ज्यांना वाटतं, त्यांना मी हेच दाखवतो.

त्याच रात्री, किंवा सप्तमीला, सी ऑफ सेरेनिटी म्हणजे मेअर सेरेनिटाटिस या काळसर सपाट मैदानात दुर्बीण न्या. तिथं बेसेल नावाचं १६ किमीचं विवर चटकन सापडतं. त्याच्याजवळ, थोडं ईशान्येला, अजून लहान, जेमतेम ८ किमीचं एक विवर आहे. पूर्वी त्याला बेसेल-ए म्हणत. १९७३ पासून त्याचं नाव साराभाई आहे, विक्रम साराभाईंच्या नावानं. ८ किमी म्हणजे सव्वाचार विकला, तुमच्या दुर्बिणीच्या आवाक्यात, पण हवा स्थिर हवी. दुसरं एक, आर्यभट, ट्रँक्विलिटीच्या मैदानात पंचमीच्या आसपास टर्मिनेटरवर येतं. २२ किमीचं आहे, पण लाव्हारसानं एवढं बुजलंय की काठाची एक कमानच उरली आहे. ही कमान मला चंद्रावरच्या पुष्कळ दिमाखदार विवरांपेक्षा जास्त आवडते, आणि सावल्या लांब असतानाच ती दिसते; दोन दिवसांनी शोधून सापडत नाही.

ही काळी मैदानं बेसाल्टची आहेत. आपला पन्हाळा ज्या काळ्या दगडावर उभा आहे त्याच जातीचा खडक. फक्त आपला दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, आणि तिथला बहुतेक तीन अब्ज वर्षांहून जुना. बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेलं विवर जमिनीवर उभं राहून बघायचं असेल तर बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार गाठा. लोणार १.८ किमी रुंद आहे. तेच चंद्रावर असतं तर इथून १ विकलेचं दिसलं असतं, म्हणजे तुमच्या दुर्बिणीतून दिसलंच नसतं. थिओफिलस केवढा असेल याचा अंदाज त्यावरून करा.

अष्टमीला टर्मिनेटर चंद्राच्या मधून जातो आणि टॉलेमेयस, अल्फोन्सस, अर्झाखेल अशी तीन विवरं एका ओळीत उभी राहतात. त्याच संध्याकाळी, नशीब असेल तर, दक्षिणेकडं अंधाराच्या बाजूला इंग्रजी एक्स अक्षराची आकृती काही तास उजळते. तीन विवरांचे काठ जिथं एकमेकांना भिडतात तिथले माथे तेवढे उन्हात येतात, म्हणून हा एक्स. तो नेमक्या वेळी भारतात रात्र असेल असं नाही, त्यामुळं दर महिन्याला दिसत नाही.

नवमी ही भारी तिथी. एका रात्रीत एवढं काही असतं की मी स्वतः चंद्राचा एकच तुकडा ठरवून घेतो. दक्षिणेला टायको, सुमारे ८५ किमी. दहा-अकरा कोटी वर्षांचं, म्हणजे चंद्राच्या मानानं कालचं पोर. त्याच्याही खाली क्लेव्हियस, २२५ किमीहून मोठं. कोल्हापूरहून पुण्याला रस्त्यानं जेवढं अंतर पडतं साधारण तेवढा त्याचा व्यास, आणि त्याच्या पोटात लहान होत जाणाऱ्या विवरांची एक कमान. उत्तरेला प्लेटो, काळ्या गुळगुळीत तळाचं. आणि मधे, बर्ट या छोट्या विवराशेजारी, स्ट्रेट वॉल: ११० किमी लांबीची सरळ काळी रेघ. नाव भिंतीचं असलं तरी तो जेमतेम अडीचशे-तीनशे मीटरचा उतार आहे. सकाळच्या उन्हात त्याची सावली पडते म्हणून शुक्ल नवमीला रेघ काळी. कृष्ण नवमीला मावळतं ऊन थेट त्या उतारावर पडतं आणि तीच रेघ पांढरी दिसते. कृष्ण नवमीसाठी मध्यरात्र उलटेपर्यंत जागायला लागतं, पण पांढरी रेघ एकदा तरी बघाच.

दशमीला कोपर्निकस, ९३ किमी. एकादशीला गॅसेंडी, द्वादशीला अ‍ॅरिस्टार्कस. तिथून पुढं झगझगाट वाढत जातो.

कृष्ण पक्षातली एक रात्र तुम्हाला आयती मिळते. संकष्टीला चंद्रोदय किती वाजता हे घराघरात माहीत असतं, आणि उपास सोडणारी माणसं टेरेसवर येतातच. चंद्र उगवल्या उगवल्या मात्र दुर्बीण लावू नका. क्षितिजालगतच्या हवेतून तो पाण्याखाली असल्यागत थरथरतो. जेवण करून तासा-दीड तासानं वर या. त्या रात्री मेअर क्रिसियम या काळ्या मैदानावर सूर्य मावळत असतो आणि त्याच्या काठाचे डोंगर अंधारात सुटे सुटे चमकत असतात. (भाद्रपदातल्या गणेश चतुर्थीला चंद्र बघू नये म्हणतात. कोल्हापुरात त्या दिवसांत बहुतेक वेळा ढगच ती काळजी घेतात.)

आणि पौर्णिमा अगदीच वाया जाते असंही नाही. टायकोपासून निघालेले पांढरे पट्टे, जे पार चंद्रभर पसरलेत, ते पौर्णिमेलाच सगळ्यात चांगले दिसतात. ती आघातात उडालेल्या मालाची रांगोळी; त्यात उंची-खोली नसते, फक्त रंगाचा फरक असतो, म्हणून सावलीची गरज पडत नाही. कोपर्निकस आणि केप्लरचे पट्टेही तसेच. पुढच्या कोजागरीला सगळ्यांना तेच दाखवा, २० मिमीच्या आयपीसमधून.

आता आयपीसचं. ७०० ला आयपीसच्या मिमीनं भागलं की वर्धन मिळतं: २० मिमीला ३५ पट, १० मिमीला ७० पट. भिंगाच्या प्रत्येक मिमीला दोन पट ही वरची मर्यादा धरा, म्हणजे तुमची १४०. तुमचा ४ मिमीचा आयपीस १७५ पट देतो, आणि त्यावर तिप्पट बार्लो म्हणजे ५२५. हा आकडा खोक्यावर छापण्यापुरता असतो. बार्लो पिशवीत राहू द्या. ३५ पटीत चंद्र शोधायचा, ७० वर बघायचं. पुढंमागं पैसे खर्चायचेच असतील तर ६ किंवा ८ मिमीचा बरा प्लॉसल जातीचा आयपीस घ्या, फरक लगेच कळेल. पृथ्वी फिरत असल्यानं ७० पटीत चंद्रावरची एखादी जागा दृष्टिक्षेत्राच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला तीनेक मिनिटांत जाते, तेव्हा ती आधी एका कडेला आणायची, हात काढायचा आणि थरथर थांबल्यावर बघायचं. या दुर्बिणींची खरी दुखरी जागा तिपाई असते. पाय पूर्ण लांबवू नका, मधे पिशवीत दोन विटा घालून टांगा, आणि स्टुलावर बसून बघा.

मसाई पठारावर न्यायची गरज नाही. अंधार लागतो तो तेजोमेघ आणि आकाशगंगा बघायला. चंद्राला राजारामपुरीतले दिवे काही करत नाहीत, उलट टेरेसवरचा एखादा दिवा चालू असला तर डोळे कमी दिपतात. चंद्राला लागते स्थिर हवा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, आणि शेजारच्या पत्र्याच्या शेडवरून बघत असाल तर विचारायलाच नको. चंद्राची कड उकळताना दिसेल. अंगण असेल तर मातीवर दुर्बीण मांडा. बघण्याआधी अर्धा तास ती बाहेर काढून ठेवा.

कोल्हापूरच्या हवेबद्दल माझं मत असं की पावसानंतरचे पहिले काही आठवडे आकाश धुतल्यासारखं असतं, पण कारखान्यांचा हंगाम लागला आणि रानात पाचट पेटायला लागलं की खालच्या थरात धूर साचतो. चंद्र वर चढेपर्यंत थांबलात तर त्याचा त्रास होत नाही. आणि वर चढण्याच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. कोल्हापूर १६.७ उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळं मध्यमंडळावर, म्हणजे त्या रात्रीच्या सगळ्यात उंच जागी, आलेला चंद्र इथं कधीच साधारण ४५ अंशांच्या खाली नसतो. युरोपातले निरीक्षक वर्षातले कित्येक महिने घरांच्या छपरांमधून चंद्र शोधत बसतात. फाल्गुन-चैत्रातली अष्टमी तर जवळपास डोक्यावर येते. मान दुखते, पण हवा सगळ्यात पातळ तिथंच असते. माझ्या लेखी वर्षातले सगळ्यात चांगले चंद्र याच दोन महिन्यांतले. वळवाचे ढग यायला लागले की संपलं, मग थेट नवरात्र.

नकाशा लावताना बहुतेक जण अडकतात. छापील नकाशात चंद्र उभा असतो, उत्तर वर. आपल्या आकाशात मावळतीचा कोवळा चंद्र आडवा पडलेला असतो, उजळ बाजू खाली. त्यात तुमच्या दुर्बिणीचा ९० अंशांचा आरसा डावं-उजवं उलटवतो. ‘व्हर्च्युअल मून अ‍ॅटलस’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात आरशातलं चित्र निवडा आणि मेअर क्रिसियमचा काळा अंडाकार डाग खूण धरून नकाशा फिरवा. क्रिसियम जुळलं की बाकी आपोआप जुळतं.

चंद्राच्या उजेडानं डोळ्याला इजा होत नाही. थोडा वेळ बघणाऱ्या डोळ्यापुढं हिरवट काळोख येतो तेवढाच. पण खोक्यात आयपीसवर बसवायचा ‘सन’ लिहिलेला काळा फिल्टर आला असेल तर तो आजच फेकून द्या. सूर्याच्या उष्णतेनं तो दुर्बिणीतच तडकू शकतो आणि डोळा कायमचा जातो. लहान मूल घरात असताना तो डब्यातही ठेवू नका.

मोठी दुर्बीण इतक्यात नको. ही वापरून वर्षभर तिथ्या पाळा, लेकीला एका वेळी एकच विवर पेन्सिलनं काढायला लावा. चित्र चांगलं यावं म्हणून नाही, काढायला बसलं की डोळा थांबतो म्हणून. नंतरही हौस टिकली तर ६ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) घ्या.

राहिला तिचा प्रश्न. यान दिसणार नाही. १ विकलेत १.९ किमी हे वर सांगितलंच, आणि विक्रम, म्हणजे चांद्रयान-३ मधलं प्रत्यक्ष उतरलेलं यान, तर एका खोलीत मावेल एवढं. जागेचा परिसर मात्र सापडतो. ते उतरलं ती जागा, शिवशक्ती बिंदू, ६९ अंश दक्षिणेला, ३२ अंश पूर्वेला आहे. रेखांशावरून तिथं शुक्ल पंचमीच्या आसपास सूर्य उगवतो. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम उतरला तेव्हा श्रावण शुद्ध सप्तमी होती, म्हणजे तिथं नुकतीच सकाळ झालेली. सौर पॅनलना पुढं जवळपास चौदा दिवसांचं ऊन मिळावं म्हणून उतरण्याची वेळच तशी धरली होती. ४ सप्टेंबरला, संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी, सूर्य मावळायच्या बेतात असताना विक्रमला निद्रावस्थेत टाकलं. तेव्हा षष्ठी किंवा सप्तमीला थिओफिलसपासून टर्मिनेटरच्या कडेकडेनं दक्षिणेला सरकत जा. विवरांची गर्दी वाढत जाईल, काठाजवळ ती चपटी दिसायला लागतील. तिथं मॅन्झिनस नावाचं ९८ किमीचं, सपाट तळाचं विवर नकाशावरून ओळखा. त्याच्या पूर्वेला, थोडं काठाकडं, ती जागा. चंद्राचा दक्षिण भाग आपल्याकडं कललेला असेल त्या महिन्यात हे सोपं जातं. व्हर्च्युअल मून अ‍ॅटलसमध्ये तारीख घातली की तो कल दिसतो.